‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ मी आता छापणार नाही : सांगलीतल्या दुकानदारांना खुलं पत्र

सांगली, मिरज, कुपवाडमधल्या सगळ्या दुकानदार, व्यापारी आणि घरातनं माल पॅक करून विकणाऱ्या माझ्या भावा-बहिणींनो,

नमस्कार. मी खणभागात छापखाना चालवतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांची बिलबुकं, लेबलं, वॉरंटी कार्डं, दिवाळीची पत्रकं माझ्याकडनंच जातात, त्यामुळं ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच, नाव मुद्दाम टाकत नाही कारण मला यातनं माझी जाहिरात करायची नाही. बरेच दिवस मनात होतं ते आज लिहून टाकतोय. थोडं लांब होईल पण शेवटपर्यंत वाचा, तुमच्या कामाचं आहे.

आमच्या वडिलांच्या काळात ट्रेडल मशीन होतं, खिळे जुळवून छपाई चालायची. बिलबुकाची ऑर्डर आली की दुकानाचं नाव, पत्ता हे सगळं नव्यानं जुळवायला लागायचं, पण एक ओळ कधीच जुळवायला लागायची नाही. ती आधीच जुळवून, दोऱ्यानं घट्ट बांधून खणाच्या कोपऱ्यात वेगळी ठेवलेली असायची. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ कापडवाला असो, भांडीवाला असो, खतवाला असो, सगळ्यांना तीच. वडील गेले, ट्रेडल गेलं, ऑफसेट आलं, आता कॉम्प्युटरवर कोरलमध्ये डिझाईन होतं, पण ती ओळ तिथंही तयार फाईलमध्ये बसलेली आहेच, कुणी मागतही नाही आणि आम्ही विचारतही नाही. फार तर पोरगा विचारतो, “काका, खालची ओळ नेहमीचीच ना?” आणि समोरचा मान हलवतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर माझी मावशी तासगाव बाजूच्या तिच्या गावातनं एसटीनं आली, हातात मोठी कापडी पिशवी, पिशवीत खोक्यासकट मिक्सर. इथल्याच एका दुकानातनं तीन हजार दोनशेला घेतलेला. पाचव्या दिवशी शेंगदाण्याची चटणी करताना मोटरचा जळका वास आला आणि बंद पडला तो पडलाच. ती थेट दुकानात गेली होती. दुकानदारानं बिल हातात घेतलं, सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, मावशी हे बघा, लिहिलंय इथं. मावशीला चष्म्याशिवाय वाचता येत नाही म्हणून ती तिथनं माझ्याकडं आली. “बाळा, वाच बरं, काय लिहिलंय ते.” मी वाचलं. आणि त्या ओळीच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, आमच्याच प्रेसचं नाव होतं.

मी तिला घेऊन त्या दुकानात गेलो. माणूस वाईट नाही हो, माझं जुनं गिऱ्हाईक, चहा मागवला, खुर्ची दिली. मी म्हटलं, पाच दिवसांत जळालाय, बदलून द्यायला पाहिजे. तर तो मला काय म्हणाला माहितीय? “अण्णा, तुम्हीच तर छापून दिलंय की. मला वाटलं कायद्यातच असं लिहायला लागतंय.” मला काही बोलताच आलं नाही. तो खरंच तसं समजत होता. मिक्सर बदलून मिळाला, पण बारा दिवसांनी, मावशीच्या एसटीच्या चार फेऱ्या झाल्यावर. गुडघे दुखतात तिचे.

त्यानंतर मी एका ओळखीच्या वकिलांकडनं कायदा समजून घेतला, स्वतःही वाचला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, हा २० जुलै २०२० पासून लागू आहे, त्याच्या आधी १९८६ चा होता. या नव्या कायद्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कशाला म्हणायचं ते दिलंय, आणि त्यात सरळ म्हटलंय की सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा आहे. मुदत किती, तर बिलावर जी लिहिली असेल ती, आणि बिलावर मुदतच नसेल तर तीस दिवस. म्हणजे ती ओळ छापल्यानं दुकानदाराला कसलंही संरक्षण मिळत नाही, उलट गिऱ्हाईक तक्रारीला गेलं तर पहिला कागद म्हणून तेच बिल पुढं ठेवणार, आपल्या सहीशिक्क्यासकट.

आता मला तुमची भीती माहितीय, कारण रोज ऐकतो. कापड पेठेतले एक काका म्हणाले, लग्नात साडी नेसून मिरवून दुसऱ्या दिवशी परत आणतात, त्याचं काय? त्याचं उत्तर असं की हा नियम सदोष मालासाठी आहे. रंग आवडला नाही, नवऱ्याला पसंत पडली नाही, साईझ लहान झाली, यासाठी परत घ्यायची सक्ती या कलमात नाही, ते तुमच्या दुकानाच्या धोरणावर आहे, फक्त ते धोरण गिऱ्हाइकाला आधी कळेल असं लिहा. पण साडी घडी मोडल्यावर फाटलेली निघाली, कुकरची शिटी पहिल्या दिवसापासनं बसतच नाही, चार्जर चालतच नाही, याला ‘एकदा विकलेला माल’ म्हणून हाकलून देता येत नाही. हे दोन वेगळे विषय आहेत आणि ती एक ओळ दोन्हीला एकाच काठीनं हाकते, म्हणून ती चुकीची.

दुसरी गोष्ट बिलाची. माझ्याकडं बिलबुकापेक्षा ‘एस्टिमेट’ची पॅडं जास्त खपतात, हे सांगताना मला बरं वाटत नाही पण खरं आहे. वर मोठ्या अक्षरात एस्टिमेट, खाली आकडे, दुकानाचं नाव नाही, नंबर नाही, सही नाही. गिऱ्हाईक हजारोंचा माल घेऊन जातं आणि हातात ही चिठ्ठी. त्याच कलमात लिहिलंय की विकलेल्या मालाचं बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात काय पाहिजे तेही या कायद्याखालच्या २०२० च्या नियमांत आहे, विकणाऱ्याचं नाव-पत्ता, अनुक्रम नंबर, तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, मालाचं वर्णन, नग, कर, सही. जीएसटीवाले म्हणतील दोनशे रुपयांच्या आतल्या विक्रीला गिऱ्हाइकानं मागितलं नाही तर वेगळं बिल लागत नाही, बरोबर आहे, जीएसटीत तशी सवलत आहे, पण आपण पाच रुपयांच्या गोळीबद्दल बोलत नाही, मिक्सर आणि सायकल आणि बियाण्याबद्दल बोलतोय. आणि वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख टाका हो. मी हजारात कार्डं छापतो आणि लोकांच्या कपाटात ती कोरीच्या कोरी सापडतात, वेळ आली की कंपनी म्हणते डीलरचा शिक्का नाही.

आता पॅकिंगवाल्यांसाठी, आणि इथं मला जास्त बोलायचंय कारण सांगलीचं नाव यात अडकलंय. आपल्या हळदीला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, बेदाण्याला त्याच्या आधी मिळालंय. आपल्या मार्केट यार्डातली हळद देशभर जाते. गेल्या काही वर्षांत बचत गटाच्या ताई, शेतकऱ्यांची पोरं, सगळे हळद पावडर, भडंग, बेदाणा, चटण्या पॅक करून विकायला लागलेत, मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो. पण लेबल छापायला येतात तेव्हा फक्त देवाचा फोटो, नाव आणि मोबाईल नंबर घेऊन येतात. मी विचारतो एमआरपी? “ती पेननं टाकू.” पॅकिंगची तारीख? “ती नको, माल पडून राहिला तर लोक घेत नाहीत.” आणि लेबलवर मात्र ‘६ महिन्यांत वापरा’. अहो कधीपासनं सहा महिने?

पॅकबंद मालाचे नियम २०११ चे आहेत, वजनमापवाल्यांचे. पाकिटावर बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, मालाचं साधं नाव, निव्वळ वजन, माल बनवल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल हे लागतं. युनिट भावसुद्धा लागतो, म्हणजे किलोच्या आतलं पाकीट असेल तर ग्रॅमला किती पडलं ते. हळदीचं शंभर ग्रॅमचं पाकीट चाळीस रुपयांना असेल तर ०.४० रुपये प्रति ग्रॅम असं लिहायचं, एवढंच, घाबरण्यासारखं काही नाही. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षावाल्यांचा, चौदा आकडी लायसन्स किंवा नोंदणी नंबर लेबलवर पाहिजे, आणि १ जानेवारी २०२२ पासून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांच्या बिलावरही पाहिजे. शिवाय जो स्वतः पॅक करतो त्यानं वैधमापनशास्त्र विभागाकडं, म्हणजे त्याच वजनमापवाल्यांकडं, पॅकर म्हणून नोंदणी करायची असते, काम सुरू केल्यापासनं नव्वद दिवसांत. हे बऱ्याच ताईंना कुणी सांगितलेलंच नसतं.

एक गोष्ट मला स्वतःला टोचते पण सांगायला पाहिजे. ही माहिती नुसत्या मराठीत चालत नाही. नियमात देवनागरीतली हिंदी किंवा इंग्रजी असं लिहिलंय, तिसरी भाषा जास्तीची म्हणून टाकता येते. मी आजवर कितीतरी लेबलं फक्त मराठीत छापून दिली, प्रेमानं दिली, पण उद्या तपासणीत पाकीट अडलं तर त्या बाईंचा माल अडकणार. म्हणून आता मी दोन्ही टाकतो, मराठी ठळक आणि शेजारी इंग्रजी. ज्यांची जुनी लेबलं आहेत त्यांनी बघून घ्या.

आणि ते ‘१००% शुद्ध’. दहातल्या नऊ लेबलांवर असतं. मे २०२५ मध्ये एफएसएसएआयनं खाद्यपदार्थ विकणाऱ्या सगळ्यांना सांगितलंय की लेबलवर, जाहिरातीत ‘१००%’ हा शब्दच वापरू नका, कारण त्याची कायद्यात व्याख्या नाही आणि त्यातनं लोकांची दिशाभूल होते, बाकीच्यांचा माल अशुद्ध असल्यासारखं वाटतं. हळदीच्या बाबतीत तर हे फार नाजूक आहे. पिवळा रंग यावा म्हणून लेड क्रोमेट मिसळायची भेसळ देशात पकडली गेलेली आहे, त्यात शिसं असतं, लहान पोरांच्या मेंदूला घातक. अशा काळात आपल्या हळदीची शुद्धता दाखवायची असेल तर लॅबचा रिपोर्ट काढून ठेवा, मागेल त्याला दाखवा, लेबलवर शंभराचा आकडा मिरवून कुणाचा विश्वास बसत नाही. जीआयचा शिक्काही असा कुणीही छापायचा नसतो, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल त्यांनीच. माझ्याकडं नोंदणीचा कागद दाखवल्याशिवाय मी तो आता लेबलवर घेत नाही.

एमआरपीच्या स्टिकरचं पण सांगतो. दर महिन्याला कुणीतरी येतो, हजार स्टिकर पाहिजेत, जुन्या किमतीवर चिकटवायला. किंमत कमी केली असेल तर कमी किमतीचं स्टिकर लावता येतं, पण जुनी छापील किंमत झाकायची नाही, दोन्ही दिसली पाहिजेत. वाढवून लावायचं स्टिकर मी छापत नाही, कितीही ओळखीचा असला तरी. आणि एमआरपीच्या वर ‘थंड केल्याचे’ दोन रुपये घेतात, स्टँडच्या आसपास तर सर्रास, तेही बेकायदेशीरच आहे. दोन रुपयांसाठी आपण गिऱ्हाइकाच्या नजरेतनं उतरतो हो. तीच गत काट्याची, इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करून शिक्का घ्यायचा असतो, तेवढं बघा.

आता हे कायद्याचं आणखी एक कलम, जे कळल्यापासनं मी प्रत्येकाला सांगत सुटलोय. २०१९ च्या कायद्यात उत्पादन दायित्व नावाचं नवीन प्रकरण आलं. सदोष वस्तूमुळं कुणाला इजा झाली, नुकसान झालं तर भरपाई. साधारणपणे जबाबदारी बनवणाऱ्याची, पण वस्तू कुणी बनवलीय तेच माहीत नसेल किंवा बनवणाऱ्यापर्यंत नोटीसच पोचत नसेल तर विकणारा जबाबदार धरला जातो. विचार करा, आपण बाहेरनं गठ्ठ्यानं बिननावाचे हीटर, चार्जर, खेळणी आणतो, बिलही नसतं. उद्या त्या हीटरनं कुणाला शॉक बसला तर तुमच्याकडं बोट दाखवायला पुढचा माणूसच नाही. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, घरगुती प्रेशर कुकरला त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपासून. तरीही जत्रेत काय विकलं जातं ते आपण सगळे बघतोच. खरेदीचं पक्कं बिल घ्या, ते तुमचं स्वतःचं संरक्षण आहे.

फ्लेक्स आणि पत्रकांचं थोडक्यात. ‘७०% सूट’ दोन फुटाच्या अक्षरात आणि ‘पर्यंत’ दोन इंचात, असं डिझाईन मीही केलेलं आहे. जाहिरातींसाठीच्या २०२२ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणं अटी त्याच भाषेत, त्याच फॉन्टमध्ये आणि ठळक दिसतील अशा जागी पाहिजेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, परत केली तर पन्नास लाखांपर्यंत.

तुम्ही म्हणाल, सांगलीत कोण जातंय तक्रारीला. जातात. आणि आता जाणं सोपं झालंय. गिऱ्हाईक जिथं राहतं तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांची मुदत आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ नंबरवर फोन करून सुरुवात करता येते आणि १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या तक्रार टाकता येते. आणि नोटीस आली तर कृपा करून गल्ल्याखाली सरकवून ठेवू नका. उत्तराला तीस दिवस मिळतात, आयोगानं दिले तर वर पंधरा, त्याच्या पुढं एक दिवस मिळत नाही, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये जुन्या कायद्याच्या केसमध्ये हे पक्कं केलंय. माझ्या ओळखीचा एक भला माणूस फक्त नोटिशीला उत्तर दिलं नाही म्हणून हरला, त्याची बाजू मांडलीच गेली नाही.

हे सगळं वाचून धंदा करायचा की कायदे पाठ करायचे असं वाटत असेल. मला ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतो. पाणी उतरल्यावर हरभट रोडवर चिखल, कुबट वास, दुकानांपुढं माल वाळत घातलेला. माझ्याही कागदाच्या रिमा भिजून फुगल्या होत्या. शेजारचे एक कापड दुकानदार आले, म्हणाले छपाई नको, कॅनव्हास बोर्डावर हातानंच लिहून द्या, ‘हा माल पुरात भिजलेला आहे, नीट बघून घ्या, भाव निम्म्याहून कमी.’ मी ब्रशनं लिहून दिलं. त्या बोर्डापुढं लाईन लागली होती. लोक डाग बघत होते, हसत होते, आणि घेत होते. एकही जण भांडायला परत आला नाही असं ते काका नंतर मला कितीदा तरी सांगायचे. मालात खोट आहे हे आधी सांगितलं होतं, भाव त्याप्रमाणं होता, संपला विषय. त्यांना तेव्हा कुठलं कलम माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

म्हणून मी ठरवलंय. ती जुनी ओळ आमच्या फाईलमधनं काढून टाकली आहे. तिच्या जागी वकिलांना दाखवून ही बसवली आहे : ‘मालात दोष निघाल्यास बिल दाखवून ३० दिवसांत बदलून किंवा पैसे परत मिळतील. आवड किंवा साईझसाठी बदल ७ दिवसांत, माल न वापरलेला असावा.’ सात दिवसांचं ज्याला जसं जमेल तसं कमी-जास्त करून देईन. दोन गिऱ्हाइकं यामुळं दुसऱ्या प्रेसला गेली, जाऊ देत. बाकीच्या प्रेसवाल्या मित्रांना पण हात जोडून विनंती आहे की तुमच्याही फाईलमधनं ती काढा, आपण सगळ्यांनी काढली तर कुणाचं गिऱ्हाईक कुणाकडं जाण्याचा प्रश्नच येत नाही. व्यापारी संघटनांनी एक बैठक लावावी, मी लेबलांचे नमुने घेऊन येतो, वकीलही यायला तयार आहेत, पैसे नकोत.

आणि ज्यांच्याकडं जुनी बिलबुकं शिल्लक आहेत त्यांनी ती फेकू नका, कागद महाग आहे. प्रेसवर घेऊन या, मी रबरी शिक्का करून ठेवलाय, जुनी ओळ काळ्या पट्टीनं झाकून वर नवीन ओळ उमटते, शंभर पानांचं बुक दहा मिनिटांत होतं. त्याचे पैसे घेणार नाही. मावशीला मिक्सर विकणाऱ्या त्या दुकानदाराची अकरा बुकं गेल्या आठवड्यात करून दिली. सकाळी दहाच्या आत आलात तर बरं, नंतर मशीन चालू असतं आणि आवाजात फोन ऐकू येत नाही.

आपला,
खणभागातला एक छापखानेवाला